पेशवा म्हणावे की प्रधान?

मुंबईच्या इंग्रज वखारीचा वकील हेन्री ऑक्झिंडन १६७४ च्या मे महिन्यात रायगडावर आला, तो तहाची कलमे मंजूर करून घ्यायला. गडावर राज्याभिषेकाची धामधूम होती. त्याला थांबावे लागले आणि त्या दिवसाचा एक परका, पण डोळस साक्षीदार आपल्याला मिळाला. ६ जूनच्या सकाळी तो दुभाषा नारायण शेणवी याला घेऊन दरबारात शिरला. लांबूनच मुजरा केला. शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांची नजर तिकडे गेली आणि त्यांनी या मंडळींना थेट सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतले. वस्त्रे मिळाली, निघायची खूण झाली. पण तेवढ्या वेळात ऑक्झिंडनने पाहायचे ते पाहून घेतले. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे लावलेली होती. उजवीकडे मोठाल्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखे. डावीकडे घोड्यांची शेपटे आणि एका मूल्यवान भाल्यावर सोन्याचा समतोल तराजू. हे सगळे मूर लोकांच्या, म्हणजे मुसलमानी दरबारांच्या रीतीप्रमाणे आहे, असेही त्याने टिपून ठेवले.

सिंहासनाखालच्या पायरीवर कोण बसले होते, तेही त्याने लिहिले आहे. युवराज संभाजीराजे, एक थोर ब्राह्मण आणि मोरोपंत पेशवे.

आता गंमत पाहा. ज्या सोहळ्यात तो उभा होता, त्याच सोहळ्यात मोरोपंत त्रिंबक पिंगळे हे ‘पेशवे’ राहिले नव्हते. ते ‘मुख्य प्रधान’ झाले होते. राज्याच्या आठ कारभाऱ्यांतल्या सहांची फारसी नावे जाऊन संस्कृत नावे आली, हा त्या राज्याभिषेकाचाच भाग होता. पण पाहुण्याच्या कानावर जे पडत होते, ते ‘पेशवा’. त्याने तेच लिहिले, आणि पुढची दीडशे वर्षे जगाने त्याचाच कित्ता गिरवला.

शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण चार ओळींत आटोपते. पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती, डबिराचा सुमंत. जोडीला न्यायाधीश आणि पंडितराव. जोड्या लावा, गुण मिळवा. पण पदाचे नाव बदलणे म्हणजे पाटी बदलणे नव्हे. जुन्या नावांकडे जरा निरखून पाहिले की अडचण कळते. ही फारसी नावे कामाची होती. मुजुमदार म्हणजे जमा झालेला एकंदर हिशेब सांभाळणारा. वाकनीस म्हणजे वाकये, अर्थात घडलेल्या गोष्टी, लिहून ठेवणारा. डबीर म्हणजे लेखक, चिटणीस. परराज्यांशी पत्रव्यवहार तोच करी, म्हणून परराज्यांचे कामही त्याच्याकडे आले. सरनोबत हा मुळात नौबतीचा, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेचा मुख्य. नाव ऐकले की माणसापुढे काय दप्तर पडले असेल, ते समजे.

उलट अमात्य, सचिव आणि मंत्री हे तिन्ही शब्द संस्कृतात जवळजवळ एकाच अर्थाचे. अमरकोशाने तर ते एका दमात एकमेकांचे पर्याय म्हणून दिले आहेत. राजाला सल्ला देणारा तो मंत्री, तोच अमात्य, तोच बुद्धीच्या कामातला सचिव. कोणी हिशेब पाहायचा, कोणी पत्रे तपासायची आणि कोणी रोजनिशी ठेवायची, हे त्या शब्दांत कुठेच नाही. ते ठरवून द्यावे लागले. म्हणूनच राज्याभिषेक शक १ चा कानुजाबता महत्त्वाचा. त्यात प्रत्येक प्रधानाचे काम नेमून दिलेले आहे. अमात्याने राज्याचा जमाखर्च पाहावा. सचिवाने राजपत्रे बारकाईने वाचून अधिकउणे अक्षर दुरुस्त करावे. मंत्र्याने राजाच्या खाशा व्यवहाराची खबरदारी ठेवावी. न्यायाधीश आणि पंडितराव सोडून बाकीच्यांनी प्रसंगी फौज घेऊन मोहिमेवरही जावे. फारसी शब्द जे स्वतःच बोलत होते, ते संस्कृत शब्दांच्या तोंडी कागद लिहून घालावे लागले.

मग हा खटाटोप कशासाठी? स्वभाषेचा अभिमान हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. मला वाटते, विधीची गरज हे दुसरे अर्धे. गागाभट्टांनी जो राज्याभिषेक योजला, तो शास्त्रोक्त होता आणि शास्त्रातला राजा अमात्यांवाचून पुरा होत नाही. अभिषेकाच्या वेळी प्रधानांनी दिशा धरून उभे राहायचे असते. बखरकार सांगतात त्याप्रमाणे पूर्वेला मुख्य प्रधान तुपाने भरलेला सोन्याचा कलश घेऊन, दक्षिणेला सेनापती दुधाचा रुप्याचा कलश घेऊन आणि पश्चिमेला अमात्य दह्याचा तांब्याचा कलश घेऊन उभे होते. या जागी मुजुमदार उभा करून कसे चालेल? माणूस तोच, कलश तोच. पण मंत्राला नाव मंत्राच्या भाषेतले लागते.

राजाच्या पदवीचेही असेच. ‘राजा’ हा किताब औरंगजेबाने १६६८ मध्येच शिवाजी महाराजांना दिला होता. त्याआधी विजापूरच्या दरबारात शहाजीराजांचा मोठा मान होता आणि त्यांच्या मुद्रा फारसीत होत्या. म्हणजे मानमरातबाची टंचाई नव्हती. टंचाई होती ती कुणाच्याही दरबारातून न आलेल्या मानाची. बादशहाने दिलेले राजेपद बादशहा काढूनही घेऊ शकतो. ‘छत्रपती’ हे पद कोणत्याही फर्मानात नव्हते, म्हणून ते कोणाला काढून घेता येणार नव्हते. सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे उमटली. मोगलांनी हे पद काही मानले नाही. त्यांच्या लेखी पुढेही सगळे ‘राजा’च राहिले.

नावांचे हे वळण एका दिवसात आलेले नाही. महाराजांचे पहिले पेशवे शामराज नीळकंठ यांची मुद्रा राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीची. तिच्यात ते स्वतःला ‘प्रधान’ म्हणवतात. हाक मारताना पेशवे, शिक्का उठवताना प्रधान, अशी दुहेरी चाल तेव्हापासूनच होती. १६७४ ने शिक्क्यातला शब्द दरबारात आणला, इतकेच. तो बोलण्यात यावा म्हणून पुढचे पाऊल टाकले गेले ते ‘राज्यव्यवहारकोशा’चे. रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावे सांगितला जाणारा, काहींच्या मते धुंडिराज व्यासाने रचलेला हा संस्कृत पद्यकोश दहा वर्गांत मांडलेला आहे. राजा, कार्यस्थाने, भोग्य वस्तू, शस्त्रे, सैन्य, सामंत, किल्ले, लेखन, मुलूख आणि व्यापार असा त्याचा पसारा. दरबारात तख्तावर सुरू होतो आणि बाजारात जाऊन थांबतो. सुमारे चौदाशे फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पुढे सावरकरांपर्यंत ज्यांनी ज्यांनी भाषाशुद्धीची पताका हाती घेतली, त्या सर्वांचा हा मूळपुरुष.

कोश किती चालला? इतिहासकार राजवाड्यांनी १६२८ पासून १७२८ पर्यंतच्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले आहेत. शंभर वर्षांत मराठी पत्रांतला फारसीचा भरणा झपाट्याने ओसरला. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे झाले. पण पदव्यांचे काय झाले, हे पाहू गेले तर गाडी उलट्या दिशेने निघालेली दिसते.

संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले. इथे महाराष्ट्रात कारभार सांभाळला तो रामचंद्रपंत अमात्यांनी. त्यांना सर्वाधिकार देताना छत्रपतींनी जो किताब दिला, तो कोणता? ‘हुकमतपन्हा’. पंधरा वर्षांपूर्वी मुजुमदारीचे अमात्यपद होताना ज्या घराण्याने पाहिले, त्याच घरात मराठ्यांच्याच छत्रपतीकडून फारसी किताब आला. आणि पंतांनी तो मिरवला. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त अमात्य आणि हुकमतपन्हा हे दोन शब्द खांद्याला खांदा लावून उभे आहेत. बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणणाऱ्या सरदारांचेही असेच झाले. संताजी घोरपडे ममलकतमदार, विठोजी चव्हाण हिंमतबहादर, मालोजी घोरपडे अमीर-उल-उमराव. एक बहिर्जी घोरपडे तेवढे ‘हिंदुराव’ झाले, आणि त्यातही अर्धा शब्द परकाच.

याला कोणी ध्येयच्युती म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या वर्षांत औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ देऊन बसला होता आणि मराठे सरदार मनसबी देऊन फोडत होता. एक भाऊ मोगलाईत जाऊन मोठा खिताब मिळवतो, तेव्हा दुसऱ्याला स्वराज्यात राखायला त्याच तोलाचे काहीतरी द्यावे लागते. मान हा शेजाऱ्याला कळला तरच मान. संस्कृत पदव्यांची किंमत रायगडाच्या दरबारात होती. नगरच्या बाजारात, विजापूरच्या वेशीत, शत्रूच्या छावणीत ‘अमीर-उल-उमराव’ म्हटले की लोक बाजूला सरत. पदे संस्कृत राहिली आणि किताब फारसी झाले, ही वाटणी गरजेतून पडली. त्याच काळात जिंजीत एक नवे संस्कृत पदही निघाले, हे विसरून चालणार नाही. प्रल्हाद निराजी ‘प्रतिनिधी’ झाले आणि हे पद आठही प्रधानांच्या वर बसले.

शाहू महाराजांच्या काळात तर भाषांची सरमिसळच झाली. बाळाजी विश्वनाथांना आधी ‘सेनाकर्ते’ हे शुद्ध देशी पद मिळाले आणि १७१३ मध्ये पेशवाई. दाभाड्यांना आणि त्यांच्यामागून गायकवाडांना ‘सेनाखासखेल’. नागपूरकर भोसल्यांना ‘सेनासाहेबसुभा’. हे शब्द जरा सावकाश उच्चारून पाहा. सेना संस्कृत, खासखेल अरबी-फारसी. सेना, साहेब आणि सुभा ही तर तीन पागांतली घोडी एका रथाला. असला शब्द कोणत्याच कोशात बसत नाही, दिल्लीच्या दरबारातही नाही आणि काशीच्या पाठशाळेतही नाही. तो साताऱ्यालाच जन्मू शकतो. माझ्या मते राज्यव्यवहारकोशातल्या चौदाशे शब्दांपेक्षा मराठ्यांच्या राज्याची खरी भाषा या दोन पदव्यांत जास्त आहे. गायकवाडांनी तर ती शेवटपर्यंत जपली. सयाजीराव महाराजांच्या नाण्यांवर नावापुढे देवनागरीत ‘सेना खासखेल समशेर बहादर’ कोरलेले आढळते.

पेशव्यांचे मात्र जुनेच चालले होते. बाजीरावांच्या शिक्क्यात शाहू नरपतीचे नाव आधी, मग ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. शामराजपंतांच्या मुद्रेचाच साचा. कागदावर पंडित प्रधान, पंतप्रधान. तोंडाने पेशवे. पुण्यात, दिल्लीत, कलकत्त्यात, लिस्बनमध्ये पेशवे.

या दुहेरी चालीची खरी परीक्षा १७९२ मध्ये झाली. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये शाह आलम बादशहाकडून पेशव्यांच्या नावे ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळवले होते आणि स्वतःकडे त्याची नायबी घेतली होती. ते पद पेशव्यांना रीतसर अर्पण करायला ते १७९२ च्या जूनमध्ये पुण्यास आले. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. पुण्याबाहेर तंबू उभारले गेले. आत बादशहाच्या नावाने एक तख्त मांडून त्यावर फर्मान ठेवले होते. पेशव्यांनी तीनदा कुर्निसात केला, तख्तावर १०१ मोहरांची नजर ठेवली आणि डाव्या हाताला बसले. खिलतीत वस्त्रे, जवाहीर, ढालतलवार, शिक्के, दौत, मोरचेले, नालखी, हत्ती. आणि बादशाही मरातबाची चिन्हे, त्यांत पुन्हा मासा. रायगडावर जो मासा छत्रपतींच्या सिंहासनाशेजारी भाल्यावर होता, तोच इथे त्यांच्या प्रधानाच्या पदरात पडला.

वकील-इ-मुतलक म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी. त्याला मराठी पदांच्या यादीत अचूक जुळणारा शब्द तयार होता, तो म्हणजे ‘प्रतिनिधी’. पण ते पद दुसऱ्या घराण्याचे, आणि मानाने पेशव्यांच्या वरचे. म्हणजे जे पद भाषांतर करून घेतले असते तर साताऱ्यात मानापमानाचे रण माजले असते, ते फारसीतच राहिल्यामुळे निर्विघ्न घेता आले. त्याहून मोठी पंचाईत होती ती त्या पदव्यांतल्या ‘महाराजाधिराज’ या शब्दाची. तो सर्वांना कळत होता, हीच त्याची अडचण. ग्रँट डफ सांगतो की नाना फडणिसांनी त्याला हरकत घेतली; छत्रपतींच्या प्रधानाला हा किताब शोभत नाही, हे त्यांचे म्हणणे. नाना महादजींचे राजकारण रोखू पाहत होते हे उघड आहे, पण मुद्दा बिनतोड होता. साताऱ्याला ‘महाराज’ असताना पुण्याला ‘महाराजाधिराज’ कसा? अखेर साताऱ्याहून छत्रपतींची परवानगी आणवली गेली, तेव्हा समारंभ पार पडला. परके पद पचते, आपल्या भाषेतले टोचते.

आणि हे सगळे घडवून आणणारे महादजी स्वतःला काय म्हणवत? पाटील. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाकणारा, आलिजाह बहादर म्हणवला जाणारा हा माणूस पुण्यात मानकऱ्यांच्या खाली बसला आणि पेशव्यांसमोर नव्या जोड्यांचा जोड काढून ठेवत म्हणाला, की हे आमच्या वडिलांचे काम, तेच माझे. ही गोष्ट इंग्रज लेखकांनी रंगवून सांगितली आहे. तिच्यातला नाटकी भाग बाजूला ठेवला, तरी पाटीलकीचा आग्रह खरा होता. कण्हेरखेडची पाटीलकी कोणा बादशहाने दिलेली नव्हती आणि तिचे कोणत्या भाषेत भाषांतर करायची गरजही नव्हती.

दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात दुसऱ्या बाजीरावांचे नाव येते, ते आधी ‘पेशवा’, मग वडिलांच्या नावासह ‘राव पंडित प्रधान बहादर’. फारसी, संस्कृत आणि तुर्की अशी तिन्ही बिरुदे एका दमात. इंग्रजांनी भाषांतराच्या भानगडीत न पडता सगळीच उचलली. राज्य कायदेशीर कागदावर लिहून घ्यायचे असते, तेव्हा माणसाचे एकही नाव सुटता कामा नये, हे कंपनीच्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. सोळा वर्षांत पेशवाई संपली.

तरीही या दोन नामावळ्यांतली कोणती जिंकली, हे सांगता येते. निकाल मात्र एकतर्फी नाही. १८१८ नंतर जी जहागिरीची घराणी टिकली, त्यांनी संस्कृत पद धरून ठेवले. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंत अमात्य. त्यांच्यासाठी पद हे काम राहिले नव्हते. ते कूळ झाले होते, आणि कुळाला संस्कृत शोभते. भोर आणि औंध १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, तोवर सचिव आणि प्रतिनिधी हे संस्थानिकाचे बिरुद होते. उलट ज्यांनी खरोखर दप्तरे भरली, त्यांच्या मागे फारसी राहिली. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस, मुजुमदार, वाकनीस. यांतले बरेचसे पदधारी अष्टप्रधानांत नव्हतेच, म्हणून त्यांचे भाषांतर करण्याचा कोणी आग्रहही धरला नाही. महाराजांची पत्रे लिहिणारे चिटणीस हे रायगडावरही चिटणीसच राहिले. सुमंत हे आडनाव आज आहे आणि डबीर हेही आहे. दोघे एकाच पदाचे वारस आहेत, हे बहुधा दोघांच्याही ध्यानात नसते.

राहता राहिला मुख्य प्रधान. देशाच्या प्राइम मिनिस्टरला हिंदीत प्रधानमंत्री म्हणतात, गुजरातीत वडाप्रधान. मराठीत पंतप्रधान. यातले ‘पंत’ कुठल्याही इंग्रजी शब्दाचे भाषांतर नाही; ते मोरोपंतांच्या दरबारातून आलेले आहे. जो शब्द पेशवाईत कागदावरच राहिला, तो आता वर्तमानपत्रात रोज छापला जातो आणि ‘पेशवा’ इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसला आहे.

सचिव आणि मंत्री यांचे त्याहून निराळे झाले. १६७४ च्या क्रमात सचिव मंत्र्याच्या आधी येत असे. मुंबईत राज्यकारभाराची इमारत १९५५ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिला ‘सचिवालय’ म्हणत. १९७५ मध्ये तिचे नाव बदलून ‘मंत्रालय’ केले. सचिव आता तिथे मंत्र्यांच्या हाताखाली काम करतात.